निशिकांत खांबेट्यांची शिकार

हार्बरफ्रंटच्या ऑफिसात चौदाव्या मजल्यावर जे कॉफीचं मशीन आहे, ते एक कप भरायला सत्तावीस सेकंद घेतं. एवढ्या वेळात शहाण्या माणसाने कपाकडे बघत उभं राहावं. फार तर "आज उकडतंय" म्हणावं. सिंगापुरात हे विधान वर्षाचे बाराही महिने बिनधोक असतं. निशिकांत खांबेटे एरवी शहाणाच माणूस. जहाजांच्या कंपनीत फायनान्स मॅनेजर, वय सेहेचाळीस, टॅम्पिनीसला भाड्याचा फ्लॅट, बायको साधना, तेरा वर्षांची मुलगी जाई. पण मार्चमधल्या त्या सोमवारी त्याच्या शेजारी साक्षात डंकन मॅकरे येऊन उभा राहिला. डंकन म्हणजे कंपनीचा आशियाचा प्रमुख. सव्वासहा फूट उंच, मूळचा न्यूझीलंडचा, आणि निशिकांतशी आजवर फक्त लिफ्टमध्ये "कितवा मजला?" एवढंच बोललेला.

"वीकएंडला काय केलंस?" डंकनने विचारलं.

"पक्षी," निशिकांत म्हणाला. खरंच होतं ते. दर रविवारी पहाटे जाईला घेऊन तो सुंगेई बुलोच्या पाणथळीत जायचा आणि खंड्यांचे, बगळ्यांचे फोटो काढायचा.

"यू शूट?" डंकनचे डोळे एकदम चमकले.

"म्हणजे काय! दहा वर्षं झाली."

"बसलेले की उडते?"

"उडते," निशिकांत छाती फुगवून म्हणाला. "बसलेल्याला काय, कोणीही टिपेल."

डंकनने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की अर्धी कॉफी बुटावर सांडली. "आणि हे मला आजवर कोणी सांगितलं नाही!" असं म्हणत तो निघून गेला. निशिकांत दिवसभर ओल्या मोज्याने आणि प्रफुल्ल मनाने काम करत राहिला.

संध्याकाळी ईमेल आला. जूनमध्ये न्यूझीलंडला डंकनचा भाऊ ह्यू याच्या शेतावर फेझंटची शिकार. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांब शेपटीचा, जास्त नटवा चुलतभाऊ. आठ बंदुका येणार होत्या. त्यातली आठवी बंदूक म्हणजे निशिकांत खांबेटे. दर बंदुकीमागे दिवसाचे बाराशे न्यूझीलंड डॉलर, दोन दिवस. 'काडतुसांचा खर्च ज्याचा त्याचा.' या वाक्यापुढे डंकनने हसरा चेहरा टाकला होता. ज्याने काडतुसांच्या किमती पाहिल्या आहेत असा माणूस हे वाक्य लिहून हसू शकतो, याचं पुढे निशिकांतला फार नवल वाटलं.

"अरे, मग कळव ना त्यांना, मी फक्त कॅमेऱ्याने मारतो म्हणून," साधना पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "एका ओळीचं काम."

"आणि ते म्हणाले, तू खोटं बोललास, तर?"

"तू कुठे खोटं बोललास?"

"तेच तर! आता बोलावं लागेल."

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती साधनालाही ठाऊक होती. कंपनीत फायनान्सच्या दोन टीम होत्या. एक निशिकांतची, दुसरी श्रीनिवासची. त्यातली एक बंद होणार, जुलैत यादी लागणार, अशी कुजबुज श्रीनिवासनेच पँट्रीत केली होती. निशिकांतचा एम्प्लॉयमेंट पास सप्टेंबरमध्ये संपत होता. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की फ्लॅट, जाईची शाळा, सगळंच गेलं. अशा वेळी कंपनीचा प्रमुख स्वतः घरच्या शेतावर बोलावतो, तेव्हा "मी नाही येत, मला पक्षी आवडतात" असं कळवायचं? साधनाने लाटणं खाली ठेवलं आणि काही बोलली नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली की न बोलणं म्हणजे संमती नव्हे, हे माणसाला कळतं. पण निशिकांतने त्या दिवशी ती संमतीच धरली.

जाई मात्र बोलली. "बाबा, शूट म्हणजे शूट-शूट? रिअल बर्ड? कॅनॉट लाह, बाबा!" आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सल्ला देणारं माणूस लागतंच, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याच इमारतीतला, सातव्या मजल्यावरचा यशोधन आला. यशोधन बँकेत होता, सिंगापूरचा नागरिक होता, आणि जगात ज्या ज्या विषयाचा त्याला अनुभव नव्हता, त्या प्रत्येक विषयावर त्याचं ठाम मत होतं.

"याला खर्च म्हणू नकोस, निशिकांत. गुंतवणूक म्हण," तो म्हणाला. दुसऱ्याच्या पैशाला बँकवाले नेहमीच गुंतवणूक म्हणतात. "ही माणसं निर्णय मीटिंगमध्ये घेत नाहीत. शिकारीत घेतात, गोल्फमध्ये घेतात. तू तिथे नुसता दिसला पाहिजेस."

"पण भावजी," त्याची बायको राधिका म्हणाली, "तुम्ही तर झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडता."

"झुरळ उडत येतं अंगावर, तेव्हा नाही सोडत," निशिकांत दुखावल्या आवाजात म्हणाला. आपण अगदीच काही हे नाही, एवढंच त्याला सुचवायचं होतं. पण राधिकाने ज्या सहानुभूतीने मान हलवली, तिने त्याला आणखीच लागलं.

बेटाच्या पश्चिम टोकाला नेमबाजीचा एक क्लब आहे. तिथे उडत्या पक्ष्याऐवजी मातीची एक बशी यंत्रातून हवेत फेकतात आणि माणसाने ती बंदुकीने फोडायची. निशिकांतला शिकवायला होत्या मॅडम हो ('हो' हे त्यांचं चिनी आडनाव). साठीच्या, साडेचार फुटी, आणि त्यांच्या हातात बंदूक पोळपाटाइतकी निरुपद्रवी दिसायची. पहिल्या दिवशी निशिकांतने पंचवीस बश्यांवर पंचवीस काडतुसं झाडली. पंचवीसही बश्या सुखरूप गवतात उतरल्या.

"यू ऑलवेज लेट," मॅडम हो म्हणाल्या. "बशी दिसते तिथे मारतोस. तोवर ती पुढे गेलेली असते. ती अजून पोचलीच नाही तिथे मार. रिकाम्या जागेत."

बावीस वर्षं ज्याने झालेल्या गोष्टींचीच नोंद केली, न आलेला पैसा कधी आला असं म्हटलं नाही, त्याला रिकाम्या जागेत मारायला सांगणं म्हणजे गायीला झाडावर चढायला सांगण्यापैकी होतं. निशिकांत प्रामाणिकपणे बशीवरच नेम धरायचा आणि बशी प्रामाणिकपणे पुढे निघून जायची.

पण खरी जखम नेमाची नव्हती. प्रत्येक 'ठो' बरोबर नव्वद सेंट हवेत जायचे. निशिकांतला आवाज ऐकूच यायचा नाही; नव्वद, एक ऐंशी, दोन सत्तर असंच ऐकू यायचं. त्यात तिसऱ्या आठवड्यात काउंटरवरच्या माणसाने काडतुसं महागल्याची पाटी लावली. शिसं महागलं, पितळ महागलं, कुठेतरी युद्ध चालू आहे, असं तो म्हणाला. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या दोन सेनापतींनी आपल्या सरावाचं बजेट वाढवावं, हे निशिकांतला व्यक्तिशः अपमानास्पद वाटलं. काडतुसं, बश्या, भाड्याची बंदूक, दिवसाची फी आणि मॅडम हो धरून एका फेरीला सरासरी एकशे ऐंशी डॉलर. अशा सहा फेऱ्या झाल्या. फुटलेल्या बश्या एकूण अठरा. म्हणजे मातीची एक बशी साठ डॉलरला. तेवढ्या पैशात ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये माणूस दोन आठवडे दुपारचं जेवतो, आणि वर त्याच्या हाती न फुटलेली बशी असते.

क्लबचा आणखी एक नियम होता. झाडलेल्या काडतुसाची रिकामी नळकांडीसुद्धा मोजून परत द्यायची. पन्नास घेतलीस, पन्नास दे. एकदा एकोणपन्नास भरल्या तेव्हा मॅडम हो, दोन कर्मचारी आणि निशिकांत अर्धा तास गवतात रांगत होते. तेव्हापासून निशिकांतला अशी सवय लागली की 'ठो' झालं की आधी वाकायचं, नळकांडी खिशात टाकायची आणि मग बशीचं काय झालं ते बघायचं. बहुतेक वेळा बघण्यासारखं काही नसायचं.

बंदुकीच्या दणक्यांनी उजवा खांदा जांभळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा झाला. साधना रोज रात्री त्यावर आंबेहळद लावायची. "सांगून टाक रे अजून," ती म्हणायची. "एवढे पैसे गेल्यावर?" तो म्हणायचा. बुडत्या धंद्यात माणसं याच एका वाक्यावर वर्षानुवर्षं पैसे ओतत राहतात, हे त्याने स्वतः तीन अहवालांत लिहिलं होतं.

व्हिसाचं वेगळंच रामायण झालं. डंकनच्या सेक्रेटरीने आमंत्रणाच्या पत्रात लिहिलं, 'श्री. खांबेटे हे मॅकरे कुटुंबासह शूट करण्यासाठी येत आहेत.' उलट पत्र आलं: 'शूट' म्हणजे काय ते स्पष्ट करावं, चित्रपटाचं चित्रीकरण असल्यास वेगळा अर्ज लागेल. निशिकांत ते पत्र हातात घेऊन बराच वेळ बसला. या दोन महिन्यांत 'शूट म्हणजे नेमकं काय' असं विचारणारे हे पहिलेच गृहस्थ होते. खुलासा गेला, बँकेचे कागद गेले, पुन्हा फी गेली, आणि विमान निघायला चार दिवस उरले असताना व्हिसा आला.

मग कपडे. न्यूझीलंडला जूनमध्ये थंडी, आणि शिकारीला म्हणे जाड लोकरीचं तपकिरी जॅकेटच लागतं. बत्तीस डिग्री तापमानाच्या शहरात असलं जॅकेट दोनच ठिकाणी मिळतं: एक ऑर्चर्ड रोडवरच्या दुकानात, जिथली किंमत निशिकांतने वाचली आणि तो जिन्याने खाली आला, आणि दुसरं, यशोधनने शोधून काढलेलं, नाटकांचे कपडे भाड्याने देणारं दुकान. जॅकेटच्या गळ्यात चिठ्ठी होती: 'इंग्रज जमीनदार, मध्यम.' आतल्या खिशाचं अस्तर फाटलेलं होतं. भाडं आणि डिपॉझिट दोन्ही भक्कम होतं. घरी आरशासमोर उभा राहिला तेव्हा जाई दारातून म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक सोफा." दोन महिन्यांत ती त्याच्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य. निशिकांतला तेवढंही बरं वाटलं.

ह्यूचं शेत हॅमिल्टनच्या पुढे दोन तासांवर, डोंगरात. गवतावर पांढरं दंव, तोंडातून वाफ, आणि सात बंदुका अशा सहजपणे उभ्या की जन्मताच हातात देऊन पाठवल्यासारख्या. निशिकांतकडे तिथला परवाना नसल्याने ह्यूने त्याच्या शेजारीच उभं राहायचं ठरलं. म्हणजे प्रत्येक चुकलेल्या नेमाला घरच्या यजमानाची साक्ष. तिथे पोचल्यावरही खर्चाची हौस फिटली नव्हती: पक्ष्यांच्या मोसमाची फी, बंदुकीचं भाडं, लॉजचं भाडं, अडीचशे काडतुसांचा खोका, आणि पक्षी पाळणाऱ्या रखवालदाराला द्यायची बक्षिसी. ही म्हणे हस्तांदोलन करताना तळहातात घडी घालून द्यायची असते. निशिकांतने ती इतकी सफाईने दिली की नोट चिखलात पडली आणि दोघांना वाकून ती शोधावी लागली.

झुडपांतून माणसं काठ्या आपटत आली आणि पहिला फेझंट उठला. तांबूस सोनेरी अंग, मानेवर पांढरं कडं, डोक्यावर हिरवी झाक, मागे हातभर लांब शेपूट. निशिकांतचा उजवा हात आपोआप छातीशी गेला, जिथे एरवी कॅमेरा असतो. काय प्रकाश होता! मग त्याला आठवलं. त्याने बंदूक उचलली, पक्ष्यावर नेम धरला, ठो. पक्षी डौलात डोंगराआड गेला. निशिकांतने वाकून नळकांडी उचलली आणि खिशात टाकली.

"ते काय करतोस?" ह्यूने विचारलं.

"मोजून द्याव्या लागतात ना?"

ह्यूने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने दुसरीकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी एकशे चाळीस काडतुसं गेली. पक्षी शून्य. संध्याकाळी जेवताना कोणी थट्टा केली नाही. माणसं थट्टा करतात तोवर ठीक असतं. ती अदबीने वागायला लागली की समजावं, आपलं काही खरं नाही. एकाने तर निशिकांतला आग्रहाने जास्त बटाटे वाढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गाडीमागे चहा पीत उभे असताना डंकन त्याला जरा बाजूला घेऊन गेला. थर्मासचं झाकण काढत म्हणाला, "निशी, तू आलास याचं मला फार बरं वाटलं. दुसरा कोणी असता तर आला नसता."

"छे, छे. मला आवडतंच."

"नाही, खरंच. मनाचा मोठेपणा लागतो. तुझी टीम बंद करायचा निर्णय फेब्रुवारीतच झाला होता. मी तुझ्यासाठी भांडलो, पण वरून ठरून आलं. मार्चमध्ये एचआरने तुला सांगितल्यावरही तू बोलावणं स्वीकारलंस, तेव्हा मी बायकोला म्हटलं, जंटलमन आहे."

निशिकांतच्या हातातला चहा हलला नाही. तो हलायला पाहिजे होता, असं त्याला वाटलं. "एचआरने सांगितलं नाही," तो म्हणाला.

डंकनचा चेहरा पडला. इतका उंच माणूस इतका लहान दिसू शकतो, हे निशिकांतने प्रथमच पाहिलं. "जुलैपर्यंत थांबले असणार," तो पुटपुटला. "अरे देवा. आय अॅम सो सॉरी. मला वाटलं... तू पक्ष्यांबद्दल इतक्या प्रेमाने बोललास. मला वाटलं, निदान दोन दिवस तरी या माणसाला आनंद मिळू दे."

"आणि श्रीनिवास?"

"तो राहतोय."

श्रीनिवास त्या वेळी चेन्नईला रजेवर होता. एकही काडतूस न झाडता त्याचा नेम लागला होता.

"मी फोटो काढतो," निशिकांत म्हणाला. "पक्ष्यांचे. मी आयुष्यात कधी बंदूक धरली नव्हती."

डंकन त्याच्याकडे बघत राहिला. त्याची नजर जॅकेटवरून, हिरव्या बुटांवरून फिरत पुन्हा तोंडावर आली. "मग तू सांगितलं का नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर मराठीत लांबलचक होतं आणि इंग्रजीत अजिबात नव्हतं. तेवढ्यात शेवटच्या फेरीची शिट्टी वाजली.

निशिकांत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. आता काही मिळवायचं नव्हतं, तेव्हा त्याने मनाशी एकच ठरवलं: निदान एकाही पक्ष्याचा जीव आपल्या हातून जायला नको. नुसतं उभं राहिलं असतं तर ह्यूने पुन्हा विचारपूस केली असती, म्हणून बंदूक झाडणं भाग होतं. झुडपातून एक फेझंट उठला, उंच, उतरत्या उन्हात लालबुंद. निशिकांतने जाणूनबुजून बंदुकीची नळी पक्ष्यापासून लांब नेली. चांगली दोन वाव पुढे, जिथे आभाळाशिवाय काही नव्हतं. आणि त्या रिकाम्या जागेत त्याने बार काढला.

पक्षी तिथे पोचला आणि खाली कोसळला.

"ब्यूटी!" ह्यू ओरडला. लांबवरून बाकीच्या बंदुकांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस धरून ठेवलेला सगळ्यांचा संकोच त्या टाळ्यांतून मोकळा झाला. कुत्र्याने पक्षी आणून निशिकांतच्या हातात दिला. तो ऊबदार होता. त्याच्या अंदाजापेक्षा जड होता. आणि तो अजून मेला नव्हता. एक डोळा उघडा होता, भोवती लाल कातडी, आत मधासारखा रंग. दहा वर्षं कॅमेऱ्यातून पक्षी बघूनही निशिकांतने इतक्या जवळून कधी डोळा पाहिला नव्हता. पंख दोनदा थरथरले. निशिकांतला काय करावं कळेना. तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पुष्कळ वेळाने ह्यूच्या ते लक्षात आलं. त्याने पक्षी हळूच काढून घेतला, पाठ वळवली, आणि परत दिला तेव्हा डोळा मिटलेला होता.

निशिकांत वाकला आणि त्याने नळकांडी उचलून आतल्या खिशात टाकली.

सिंगापूरच्या विमानतळावर त्याची बॅग यंत्रातून गेली आणि बाजूला काढली गेली. "सर, हे तुमचं का?" तरुण अधिकारी अतिशय विनयाने म्हणाला. नाटकातल्या जमीनदाराच्या फाटक्या अस्तरातून त्याने एक लाल नळकांडी बाहेर काढली. बाकीच्या सगळ्या निशिकांतने मोजून ह्यूच्या स्वाधीन केल्या होत्या. एवढी एकच आत घसरली होती. या देशात रिकामं काडतूस आणायलासुद्धा परवानगी लागते, हे निशिकांतइतकं कोणाला ठाऊक असणार? पावणेदोन तास जबाब चालला. अस्तर उसवून पाहण्यात आलं. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. त्याने 'फायनान्स मॅनेजर' लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

"सध्या, सर?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सध्या," निशिकांत म्हणाला.

नळकांडी ठेवून घेऊन, लेखी ताकीद देऊन त्यांनी त्याला सोडलं.

बाहेर साधना आणि जाई ताटकळत उभ्या होत्या. साधनाने त्याचा चेहरा पाहिला, बॅग पाहिली, हातावर घेतलेलं उसवलेलं जॅकेट पाहिलं.

"किती पडले?" तिने विचारलं.

निशिकांतने विमानात सगळी बेरीज केली होती. "सहा हजार एकशे पंधरा," तो म्हणाला. "आणि नोकरी गेली. सप्टेंबरपर्यंत आहे. ते आधीच ठरलं होतं. मला उगीचच..."

साधनाने ते जॅकेट त्याच्या हातावरून काढून आपल्या हातावर घेतलं. "मी पैसे नव्हते विचारले," ती हळूच म्हणाली. "पक्षी."

निशिकांतने जाईकडे पाहिलं. एकही नाही, असं तो म्हणाला असता तर साऱ्या जगाने विश्वास ठेवला असता.

"एक," तो म्हणाला.

जाई खाली बघत उभी राहिली. येणाऱ्या लोकांच्या ट्रॉल्या त्यांना वळसा घालून जात होत्या. "बाबा," तिने विचारलं, "इट डाइड फास्ट, ऑर नॉट?"

"हो," निशिकांत म्हणाला. "लगेच."

तिने मान हलवली. मग त्याच्या हातातून बॅगेची मूठ काढून घेतली. तिघंही विमानतळावरून नेहमी टॅक्सीने जायची. टॅक्सीची रांग डावीकडे होती. जाई बॅग ओढत उजवीकडे, एमआरटी ट्रेनच्या बाणाकडे चालू लागली.